कांद्याच्या मुळात पेशीविभाजन कसं पाहावं : खेड्यातल्या शाळेसाठी

हा प्रयोग एप्रिल-मेमध्ये करायला घेऊ नका. आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की ग्लासातलं पाणी दुपारपर्यंत कोमट होतं, कांद्याचा बुडखा सडतो आणि मुळं फुटलीच तर पिवळी, लिबलिबीत निघतात. शिवाय उन्हाळी कांदा तेव्हा नुकताच वावरातून घरी आलेला असतो. काढणीनंतर काही आठवडे कांदा सुप्तावस्थेत असतो, त्याला सहजासहजी मूळ फुटत नाही. दिवाळी ते संक्रांत हा काळ सगळ्यांत चांगला. घरातला कांदा जुना झालेला असतो, शेंड्यातून हिरवा कोंब डोकावायला लागलेला असतो आणि हवाही थंड असते.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात विज्ञान शिकवतो. दहावीला सूत्री विभाजनाच्या, म्हणजे एका पेशीच्या सारख्याच दोन पेशी होण्याच्या, चार अवस्था आहेत : पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. मुलांना ही नावं दोन दिवसांत पाठ होतात, आकृत्याही ती सुबक काढतात. पण ‘हे तुझ्या अंगात आत्ता चालू आहे का?’ असं विचारलं की वर्ग गप्प होतो. ज्यांनी सूक्ष्मदर्शीला कधी हात लावलेला नाही त्यांनाही आठवडाभरात स्वतःच्या डोळ्यांनी गुणसूत्रं, म्हणजे केंद्रकातले डीएनएचे धागे, दिसावीत, म्हणून इथे सगळं बारीकसारीक लिहितो आहे. नव्यानं शिकवायला लागलेल्या शिक्षकांसाठी आणि घरी मोठ्या भावाबहिणीच्या मदतीनं करू पाहणाऱ्या मुलांसाठीही.

कांदाच का?

मुलं हा प्रश्न दरवर्षी विचारतात. ‘सर, आपल्या वावरात तं पऱ्हाटी आहे, तूर आहे. मंग कांदा काहून?’ प्रश्न बरोबर आहे. पऱ्हाटीच्या मुळातही पेशी विभागतात, तुरीच्याही. पण आपण लावतो त्या अमेरिकन कपाशीच्या पेशीत ५२ गुणसूत्रं असतात आणि तीही बारीक. देशी कपाशीत २६, तुरीत २२, पण तीसुद्धा इतकी लहान की शाळेच्या सूक्ष्मदर्शीखाली नुसते ठिपके दिसावेत. कांद्यात गुणसूत्रं फक्त १६ आणि एकेक चांगलं लांब, जाड. कांद्याच्या पेशीत डीएनए भरपूर असतो, माणसाच्या पेशीतल्या डीएनएच्या जवळजवळ पाचपट. माणसात तो ४६ गुणसूत्रांत वाटलेला आहे आणि कांद्यात त्याहून कितीतरी जास्त डीएनए अवघ्या १६ मध्ये, म्हणून ती अशी ठसठशीत दिसतात. कांदा मिळाला नाही तर लसूण घ्या. त्यातही १६ च गुणसूत्रं असतात आणि पाकळीला मुळं लवकर फुटतात.

मुळं फुटवणं

कांदा मध्यम आकाराचा, घट्ट, न सडलेला घ्या. बुडाशी जुन्या वाळलेल्या मुळांचा जो झुबका असतो तो ब्लेडनं अलगद खरवडून काढा, पण बुडख्याची चकती कापू नका. नवी मुळं त्या चकतीतूनच येतात. ग्लास पाण्यानं भरून त्याच्या तोंडावर कांदा असा बसवा की फक्त बूड पाण्याला टेकेल. कांदा लहान असेल तर बाजूंनी खराट्याच्या तीन काड्या खोचून तो ग्लासाच्या काठावर तोला. अर्धा कांदा पाण्यात बुडाला तर तो कुजतो, आणि कुजलेल्या कांद्याचा वास वर्गातून चार दिवस जात नाही.

पाणी रोज बदला. ग्रामपंचायतीच्या नळाच्या पाण्याला ब्लीचिंग पावडरचा वास येत असेल तर ते रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून मग वापरा. ग्लास माठाजवळ, सावलीत ठेवा. तीन ते पाच दिवसांत पांढरीशुभ्र मुळं एक-दोन सेंटिमीटर होतात. हीच ती वेळ. त्याहून लांब होऊ देण्यात काही फायदा नाही.

इथे थोडं थांबून एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढची निम्मी चूक ती न समजल्यानं होते. मूळ सगळीकडून वाढत नाही. पेशी विभागतात त्या टोकाच्या अगदी जवळ, शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरांत. त्याच्या वर ज्या पेशी आहेत त्या विभागणं सोडून नुसत्या लांब होतात. वाढ म्हणजे विभाजनच, असं आपण सहज धरून चालतो आणि ते चुकीचं आहे. याचा आपल्याकडचा सगळ्यांत सुंदर पुरावा बोंडात आहे. सरकीवरचा कापसाचा एकेक धागा म्हणजे एकच पेशी. सरकीच्या वरच्या आवरणातली एक पेशी विभागल्याशिवाय लांबत जाते, दोन-अडीच सेंटिमीटर, कधी त्याहूनही जास्त. मी हे सांगतो तेव्हा मुलं खिशातून कापूस काढून एक तंतू बोटावर धरून पाहत बसतात. नुसत्या डोळ्यांना दिसणारी एक पेशी! मुळाचं टोक याच्या उलट आहे. तिथल्या पेशी लहान, चौकोनी, ठासून भरलेल्या, आणि सतत विभागणाऱ्या. तुरीचे शेंडे खुडतो तेव्हाही आपण असाच एक विभागणारा भाग काढून टाकतो. मुख्य शेंडा गेला की बाजूचे दबलेले डोळे जागे होतात आणि फांद्या फुटतात.

तोडणं आणि थांबवणं

मुळं सकाळी तोडा, आठ ते दहाच्या दरम्यान. या वेळी विभागणाऱ्या पेशी जास्त सापडतात, हा प्रयोगशाळांतला जुना अनुभव आहे. टोकाकडचा साधारण एक सेंटिमीटर भाग ब्लेडनं कापा आणि लगेच द्रावात टाका. द्राव असा : तीन भाग अल्कोहोल, एक भाग ग्लेशियल ॲसेटिक आम्ल. तो त्याच दिवशी ताजा करा, जुना झाला की त्याचा गुण जातो. हे आम्ल म्हणजे जेवणातलं व्हिनेगर नव्हे. व्हिनेगरमध्ये ते पाण्यात मिसळून अगदी थोडं असतं, इथे जवळजवळ निव्वळ आहे. कातडी भाजते, वाफेनं डोळे झोंबतात. म्हणून हे काम शिक्षकानंच करायचं, उघड्या खिडकीशी, आणि मुलांनी दोन हात लांब उभं राहून पाहायचं.

मुळं या द्रावात २४ तास ठेवा. द्राव आत शिरला की प्रत्येक पेशी त्या क्षणी जिथे होती तिथेच थांबते. जी विभागायला लागली होती ती तशीच, जी अर्ध्यावर होती तीही तशीच. २४ तासांनंतर मुळं ७० टक्के अल्कोहोलमध्ये घालून छोट्या बाटलीत ठेवली तर पुढे कितीतरी दिवस वापरता येतात. एका तासात सगळं उरकायची घाई करू नका. एका दिवशी मुळं थांबवा, दुसऱ्या आठवड्यात स्लाइडी करा.

रंग देणं

पेशी पारदर्शक असते. रंगाशिवाय काही दिसत नाही. गुणसूत्रांना गडद लाल रंग देणारं ॲसिटोकार्मिन वापरतात. अकरावी-बारावी विज्ञान असलेल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते बहुतेक असतं, नाही तर अमरावती-नागपूरला प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळतं. कांद्याच्या पापुद्र्यासाठी शाळेत सॅफ्रॅनिन असतं, पण त्यानं केंद्रक दिसतं, गुणसूत्रं नीट सुटी दिसत नाहीत. त्यावर वेळ घालवू नका.

वॉच ग्लासमध्ये, म्हणजे काचेच्या उथळ वाटीत, दोन-तीन मुळं घ्या, त्यावर ॲसिटोकार्मिनचे चार-पाच थेंब आणि अगदी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाका. या थेंबाचं काम महत्त्वाचं आहे. दोन पेशींना जोडून ठेवणारा जो डिंकासारखा थर असतो तो आम्लानं सैल होतो, मग दाबल्यावर पेशी एकमेकींपासून सुट्या होतात. आता वॉच ग्लास चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावरून अलगद फिरवा. गरम करायचं, उकळायचं नाही. हाताच्या पाठीला सोसवेल इतकीच ऊब. मी पहिल्यांदा केलं तेव्हा घाईत रंग उकळू दिला. रंगाचे काळे कण तयार झाले आणि ते कणच गुणसूत्रं समजून मी अर्धा तास मोजत बसलो होतो. थोडी ऊब द्या, बाजूला घ्या, पुन्हा द्या. मग झाकून दहा-पंधरा मिनिटं राहू द्या. टोक बाकीच्या मुळापेक्षा गडद लाल झालं की झालं. तिथे केंद्रकं दाटीनं असतात, म्हणून रंग तिथेच जास्त धरतो.

रंग फिका वाटला तर द्रावात लोखंडी सुई जरा फिरवा. लोहाचा किंचित अंश मिसळला की कार्मिनचा रंग गडद होतो. जुनी, थोडी गंजलेली सुई यासाठी उपयोगाची आहे.

दाबणं

गडद टोकाचा फक्त दोन मिलिमीटर तुकडा स्वच्छ स्लाइडवर घ्या, म्हणजे ज्वारीच्या दाण्याच्या निम्म्याइतका. बाकीचं मूळ फेकून द्या. जास्त घेतलं तर लांबट पेशी भरतात आणि विभागणाऱ्या पेशी त्या गर्दीत हरवतात. तुकड्यावर रंगाचा एक थेंब टाका आणि कव्हरस्लिप एका कडेनं तिरकी टेकवून हळूच सोडा, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकणार नाहीत.

आता कव्हरस्लिपवर टीपकागदाची दुहेरी घडी ठेवा आणि अंगठ्यानं सरळ खाली दाबा. सरळच. अंगठा जरासाही बाजूला सरकला की पेशी गुंडाळल्या जातात आणि स्लाइड वाया जाते. आधी पेन्सिलच्या बोथट टोकानं हलकेच टकटक करून पेशी पसरवा, मग दाबा. पहिल्या दोन-तीन स्लाइडी बिघडतील, कव्हरस्लिप तडकतील. तेवढ्या जास्तीच्या घेऊन ठेवा. सगळ्या प्रयोगात हाताचं कसब लागतं ते याच एका पायरीला. पेशींचा थर एकाच्या जाडीचा झाला पाहिजे, म्हणजे स्लाइडवर फिकट गुलाबी ढगासारखा डाग दिसतो.

पाहणं

वीज नसली तरी अडत नाही. आरशाचा सूक्ष्मदर्शी खिडकीशी ठेवा आणि आरसा मोकळ्या आकाशाकडे वळवा. सूर्याकडे कधीही नाही, डोळा कायमचा जाऊ शकतो. आधी लहान भिंगानं, म्हणजे १० च्या, सगळी स्लाइड फिरवून पाहा. चौकोनी, दाट पेशींचा पट्टा सापडला की तिथेच थांबा आणि मग ४० चं भिंग लावा. लांबोडक्या, फिक्या पेशी दिसत असतील तर तुम्ही मुळाच्या वरच्या भागात आहात.

पहिल्यांदा बहुतेक पेशींत एक गोल लाल केंद्रक दिसेल, बाकी काही नाही. निराश होऊ नका. या पेशी विभागत नाहीत, त्या तयारी करत आहेत. याला अंतरावस्था म्हणतात, आणि ‘काहीच होत नाही’ असं तिच्याबद्दल सांगणं मला खटकतं, कारण सगळ्यांत मोठं काम इथेच होतं : डीएनएची पूर्ण नक्कल. विभाजनाला सुरुवात होईपर्यंत प्रत्येक गुणसूत्र दुहेरी झालेलं असतं.

मग एखाद्या पेशीत केंद्रकाच्या जागी गुंतलेल्या सुताचा गुंडा दिसेल. ही पूर्वावस्था. विस्कटलेले धागे आवळून आखूड, जाड व्हायला लागले आहेत, केंद्रकाचं आवरण विरघळत आहे. विभागणाऱ्या पेशींत याच सगळ्यांत जास्त सापडतात. इथे पुस्तकातली आकृती आणि स्लाइड यांत एक फरक आहे, तो मुलांना आधीच सांगा. आकृतीत दोन टोकांना तारककेंद्रं काढलेली असतात, ती प्राण्यांच्या पेशीत असतात. कांद्याच्या पेशीत ती नसतात. हुशार मूल ती शोधत बसतं आणि आपल्यालाच दिसत नाहीत असं समजतं.

मध्यावस्थेत गुणसूत्रं पेशीच्या मध्यावर एका रेषेत येतात. दोन्ही टोकांकडून आलेले तुर्कतंतू त्यांना मधोमध धरून ठेवतात. हे तंतू आपल्या रंगात दिसणार नाहीत, पण त्यांचं काम दिसतं. याच तंतूंवर घाव घालणारी दोन झाडं आपल्या ओळखीची आहेत. रानातली कळलावी, जिच्या लाल-पिवळ्या फुलांनी पावसाळ्यात कुंपण पेटल्यासारखं दिसतं, तिच्यात कोल्चिसिन असतं. त्यानं तुर्कतंतू बनतच नाहीत, पेशी मध्यावरच अडकते आणि गुणसूत्रं दुप्पट होऊन एकाच पेशीत राहतात. पीक पैदासकार याचाच उपयोग करून गुणसूत्रं दुप्पट करतात. कळलावी अत्यंत विषारी आहे, मुलांना तिचा कंद उकरू देऊ नका. दुसरं झाड अंगणातली सदाफुली. तिच्यापासून मिळणारी व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन ही औषधं रक्ताच्या कर्करोगासह काही कर्करोगांवर देतात, कारण कर्करोग म्हणजे थांबायचं विसरलेलं पेशीविभाजन, आणि तुर्कतंतू मोडले की ते अडतं. औषध शुद्ध करून, मोजून, दवाखान्यात देतात, पानं चावून काही साधत नाही, उलट विषबाधा होते. हा भाग शिकवताना मी खर्ऱ्याबद्दल बोलल्याशिवाय राहत नाही. नववी-दहावीतली मुलं खर्रा चघळताना मी पाहिली आहेत. तंबाखू आणि सुपारी, दोन्ही तोंडाच्या आतल्या पेशींच्या डीएनएला इजा करतात, आणि त्या पेशी आधीच सतत विभागणाऱ्या असतात. चूक झाली की ती नकलेबरोबर पुढे जाते.

पश्चावस्था सापडायला कठीण आणि पाहायला सगळ्यांत सुंदर. दुहेरी गुणसूत्रं मधोमध सुटतात आणि दोन जुड्या विरुद्ध टोकांकडे निघतात, प्रत्येक धागा मध्ये ओढल्यामुळे वाकलेला. मुलं इथे गणितात चुकतात. पेशी दोन झाल्या म्हणजे ८-८, असं त्यांना वाटतं. त्यांच्या हाती सुताचे १६ जोड द्या, प्रत्येक जोडात दोन सारखे दोरे मधोमध गाठीनं बांधलेले. ही मध्यावस्था. गाठी सोडा आणि प्रत्येक जोडातला एक दोरा डावीकडे, एक उजवीकडे. पेशीत क्षणभर ३२, आणि शेवटी दोन्ही बाजूंना १६-१६. हे एकदा हातानं केलं की पुन्हा चूक होत नाही.

अंत्यावस्थेत दोन्ही टोकांना दोन लहान केंद्रकं आणि मध्ये एक फिकी रेषा दिसते. ती नवी भिंत. वनस्पतीपेशीला बाहेरून कडक भित्तिका असते, त्यामुळे ती प्राणीपेशीसारखी मध्ये आवळून तुटू शकत नाही. म्हणून ती मध्यातून बाहेरच्या दिशेनं भिंत बांधत जाते. घराची एक मोठी खोली मधोमध भिंत घालून दोन करावी, तसं.

‘सर, हे तं हालतच नाही’

हे वाक्य मी दरवर्षी ऐकतो. उत्तर मी वावरात नेऊन देतो. ऑक्टोबरच्या शेवटी पऱ्हाटीच्या एकाच झाडावर पाती असते, फूल असतं, हिरवं बोंड असतं आणि खाली फुटलेला कापूसही असतो. झाड हललेलं नाही, पण क्रम काय आहे हे तुम्हाला विचारावं लागतं का? स्लाइडही तशीच वाचायची. थांबलेल्या शेकडो पेशींत प्रत्येक टप्पा कुठेतरी सापडतो आणि क्रम आपण लावतो. मधल्या, धड पूर्वावस्था नाही धड मध्यावस्था नाही अशा पेशीही सापडतील. त्या चुकीच्या नाहीत. चार नावं आपण दिलेली आहेत, पेशी थांबत थांबत पुढे जात नाही.

वॉल्थर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञानं हेच केलं. सॅलमँडर या बेडकाच्या नात्यातल्या प्राण्याच्या पेशी मोठ्या असतात. त्या रंगवून, आणि काही जिवंतपणीही पाहून, त्यानं टप्प्यांचा क्रम लावला, आणि १८८२ मध्ये या क्रियेला ग्रीक भाषेतल्या ‘धागा’ या शब्दावरून ‘मायटोसिस’ हे नाव दिलं. आपण म्हणतो ते सूत्री विभाजन, तेही सुतावरूनच. ‘गुणसूत्र’ या अर्थाचा क्रोमोसोम हा शब्द त्यानंतर सहा वर्षांनी, १८८८ मध्ये आला.

मोजणी

फुलं थोडी आणि हिरवी बोंडं पुष्कळ दिसली, तर कारण उघड आहे : फूल एक-दोन दिवसांचं, बोंड कितीतरी आठवडे टिकतं. पेशींचंही हेच. ज्या अवस्थेत जास्त पेशी सापडतात, ती अवस्था जास्त वेळ चालते. म्हणून मोजा. दोन-दोन मुलांच्या जोड्या करा, एकानं पाहायचं, दुसऱ्यानं वहीत रेघा मारायच्या. एका दृश्यातल्या सगळ्या पेशी मोजल्याशिवाय पुढच्या दृश्यावर जायचं नाही, नाही तर मुलं फक्त सुंदर पेशीच मोजतात. समजा २०० पेशींपैकी २० विभागताना दिसल्या, तर विभागणाऱ्यांचं प्रमाण १० टक्के. यातून तास कळत नाहीत, वाटा कळतो. तुलनेसाठी सांगा की माणसाच्या शरीराबाहेर वाढवलेल्या पेशीचं एक चक्र साधारण २४ तासांचं असतं, आणि त्यात प्रत्यक्ष विभाजन एखादा तास.

मग पुढच्या वेळी एकाच कांद्याची काही मुळं सकाळी आठला तोडा, काही दुपारी चारला, आणि वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवून दोन्हींची मोजणी करा. ‘सकाळीच का’ याचं उत्तर मुलं स्वतः काढतील. बाटल्यांवर वेळ पेन्सिलनं लिहा. पेनाची शाई अल्कोहोलचा थेंब पडला की फुटते आणि मग सकाळची बाटली कोणती, दुपारची कोणती, हे सांगता येत नाही.